गर्भनिरोधक गोळ्या थांबविल्यानंतर दिवस राहण्यास किती काळ लागतो?

नवी दिल्ली : लग्नानंतर दोन-तीन वर्षे गर्भनिरोधक गोळ्या घेतलेल्या जोडप्याने आता मूल हवे असे ठरविले, की दोन प्रश्न हमखास पुढे येतात. गोळ्या बंद केल्यावर किती महिने थांबावे, हा पहिला. दुसरा सहसा दबक्या आवाजात विचारला जातो : इतकी वर्षे गोळ्या घेतल्या, आता दिवस राहतील ना? काही घरांत तो प्रश्नही उरत नाही. दोन-चार महिन्यांत गोड बातमी आली नाही, तर गोळ्यांमुळे पिशवी खराब झाली, असा निर्वाळाच दिला जातो आणि दोषाचे ओझे सुनेच्या माथी येते.

वैद्यकशास्त्राचे उत्तर यापेक्षा बरेच दिलासादायक आहे. तोंडावाटे घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे कायमचे वंध्यत्व येत नाही, त्या बंद केल्यावर सक्तीने थांबण्याची गरज नसते आणि गोळ्या किती वर्षे घेतल्या यावरून पुढील गर्भधारणेची शक्यता घटत नाही. मात्र सर्वच साधनांचा हिशेब एकसारखा नाही. शिवाय गोळ्या थांबविण्यापूर्वी करावयाच्या काही गोष्टी आहेत, ज्यांकडे आपल्याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

हा प्रश्न केवळ खासगी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झाली होती, तर गर्भनिरोधक गोळ्या वापरणाऱ्यांचे प्रमाण अवघे ५.१ टक्के होते. दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी किंवा पहिले मूल लांबणीवर टाकण्यासाठी असलेली साधने आपल्या समाजात अजूनही कमी वापरली जातात. त्यामागे अनेक कारणे आहेत. ‘पुढे मूल होणार नाही’ ही भीती त्यांपैकी एक. या भीतीपोटी नवविवाहिता गोळी टाळते आणि मग नको असताना दिवस राहतात, असाही अनुभव स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नित्य परिचयाचा आहे.

गोळी शरीरात काय करते?

प्रचलित संयुक्त गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन या दोन प्रकारच्या संप्रेरकांची कृत्रिम रूपे असतात. शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळणाऱ्या ‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत संप्रेरके असतात, तर उरलेल्या सात लोहाच्या असतात. त्या सात दिवसांत रक्तस्राव होतो आणि गोळी घेण्याची सवयही मोडत नाही.

मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी दर महिन्याला एफएसएच आणि एलएच या संप्रेरकांद्वारे बीजकोशाला स्त्रीबीज पक्व करून बाहेर सोडण्याचा संदेश देते. गोळीतील संप्रेरके हा संदेश थोपवून धरतात. स्त्रीबीज बाहेर पडत नाही. गर्भाशयमुखातील स्राव घट्ट होऊन शुक्रजंतूंची वाट अडते आणि गर्भाशयाचे आतील अस्तर पातळ राहते.

येथे एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. गोळी यांपैकी कोणताही अवयव बदलत नाही की निकामी करीत नाही. ती फक्त संदेश थोपवते आणि तोही ती रोज घेतली जाते तोवरच. एक-दोन गोळ्या चुकल्या तर दिवस राहण्याचा धोका निर्माण होतो, हे प्रत्येक पाकिटावरील सूचनापत्रात लिहिलेले असते. जे औषध दोन दिवस चुकल्याने निष्प्रभ होऊ शकते, ते थांबविल्यानंतर वर्षानुवर्षे शरीरात ठाण मांडून बसेल, ही कल्पनाच विसंगत आहे. शेवटच्या गोळीनंतर काही दिवसांतच ही कृत्रिम संप्रेरके शरीराबाहेर पडतात.

पहिले काही महिने

शेवटची गोळी घेतल्यानंतर दोन-चार दिवसांत जो रक्तस्राव होतो, तो खरी पाळी नव्हे. संप्रेरकांचा पुरवठा थांबल्याने गर्भाशयाचे अस्तर गळून पडते, एवढाच त्याचा अर्थ. पहिली नैसर्गिक पाळी त्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते. अनेकींच्या शरीरात पहिल्या महिन्यातच स्त्रीबीज बाहेर पडू लागते. त्यामुळे एकही नैसर्गिक पाळी न येता थेट दिवस राहणेही शक्य असते.

पूर्वी डॉक्टर गोळ्या थांबवून दोन-तीन महिने वाट पाहण्याचा सल्ला देत असत. नैसर्गिक पाळीची तारीख ठाऊक नसेल, तर प्रसूतीची तारीख काढणे कठीण जाई, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. आता पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीवरून गर्भाचे वय अचूक कळते, त्यामुळे त्या सल्ल्याची गरज उरलेली नाही. गोळ्या थांबविल्यानंतर लगेच दिवस राहिले तर गर्भपात होतो, या समजालाही आधार नाही.

गोळ्या पाकिटाच्या मध्यातच थांबविल्या तरी अपाय होत नाही. तथापि पाकीट संपवून थांबविणे सोयीचे ठरते. अवेळी रक्तस्राव होत नाही आणि दिवस मोजणेही सोपे जाते.

गोळ्या चालू असतानाच, एखादी चुकल्यामुळे, दिवस राहिल्याचे कळले तर पुष्कळ जणी घाबरून गर्भपाताचा विचार करतात. डेन्मार्कमधील सुमारे ८ लाख ८० हजार बालकांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. गर्भधारणेच्या सुमारास किंवा गर्भारपणाच्या सुरुवातीला गोळ्या घेतल्या गेल्या तरी बाळातील मोठ्या जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढत नसल्याचे त्यात आढळले. अशा वेळी गोळ्या बंद करून डॉक्टरांना भेटावे, एवढे पुरेसे असते.

संशोधनाचे आकडे

युरोपातील गर्भनिरोधक गोळ्यांच्या वापराचा मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात मूल हवे म्हणून गोळ्या थांबविणाऱ्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती घेण्यात आली. पहिल्याच मासिक चक्रात सुमारे २१ टक्के स्त्रियांना दिवस राहिले आणि वर्षभरात हे प्रमाण सुमारे ७९ टक्क्यांवर पोहोचले. गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने या प्रमाणावर विपरीत परिणाम झालेला दिसला नाही. विविध देशांतील २२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भनिरोधक साधने थांबविल्यानंतर वर्षभरात दिवस राहण्याचे सरासरी प्रमाण त्यात सुमारे ८३ टक्के आढळले. साधने न वापरलेल्या जोडप्यांतही वर्षभरात दिवस राहण्याचे प्रमाण साधारण याच पातळीवर असते.

सुरुवातीचे काही महिने थोडा विलंब होऊ शकतो, हेही खरे. डेन्मार्क, अमेरिका आणि कॅनडातील सुमारे १८ हजार स्त्रियांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार गोळ्या थांबविणाऱ्यांची प्रजननक्षमता पूर्वपदावर येण्यास साधारण तीन मासिक चक्रे लागली, गर्भाशयात बसविण्याच्या साधनांनंतर दोन, तर इंजेक्शननंतर पाच ते आठ. हा फरक तात्पुरता होता. साधन किती काळ वापरले यावर पुढील प्रजननक्षमता अवलंबून नव्हती.

तेव्हा तिसऱ्या महिन्यात पाळी आली म्हणून धास्तावण्याचे कारण नाही. ज्यांनी कधीच गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांच्यापैकीही बहुसंख्य स्त्रियांना पहिल्या महिन्यात दिवस राहत नाहीत.

प्रत्येक साधनाचा हिशेब वेगळा

आपल्याकडे ‘गोळी’ या एकाच शब्दात अनेक निरनिराळी औषधे गणली जातात आणि त्यातून गोंधळ वाढतो.

शासकीय कार्यक्रमातील ‘छाया’ ही आठवड्यातून घेण्याची गोळी संप्रेरकाची नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विकसित केलेल्या सेंटक्रोमन या औषधापासून ती तयार होते. ‘सहेली’ या नावाने ती १९९१ पासून बाजारात आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर एकदा, अशी ती घ्यावी लागते. हे औषध शरीरातून संथपणे बाहेर पडते, त्यामुळे थांबविल्यावर त्याचा अंश काही आठवडे टिकू शकतो. मात्र त्याचा परिणामही कायमचा नाही.

तीन महिन्यांतून एकदा घ्यावयाच्या ‘अंतरा’ इंजेक्शनबाबत नियोजन अधिक काटेकोर हवे. २०१७ मध्ये ‘छाया’सोबत शासकीय कार्यक्रमात आलेल्या या इंजेक्शनमधील औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात मिसळते. ते परत काढून घेता येत नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहण्यास सरासरी दहा महिने लागतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे कुटुंबनियोजन मार्गदर्शक पुस्तक सांगते. वर्षभरात मूल हवे असेल, तर पुढचे इंजेक्शन घेण्यापूर्वीच विचार करावा आणि आशा सेविकेशी किंवा परिचारिकेशी बोलून दुसऱ्या साधनाकडे वळावे. ही एक गोष्ट आधी सांगितली गेली नाही, तर आठ महिने पाळी न आलेली स्त्री स्वतःला वांझ समजू लागते.

तांबी काढल्यावर प्रजननक्षमता लगेच परत येते. निरोधचा शरीरावर कोणताही परिणाम नसतो. असुरक्षित संबंधानंतर घेतलेल्या आपत्कालीन गोळीने त्या महिन्याची पाळी पुढे-मागे होऊ शकते, परंतु त्यानंतरच्या गर्भधारणेवर तिचा परिणाम होत नाही.

पाळी बिघडली की बिघाड उघडा पडला?

गोळ्या घेत असताना पाळी घड्याळाच्या काट्यावर येत होती आणि बंद केल्यावर दीड-दोन महिने आलीच नाही, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. गोळीने पाळी बिघडविली, हा निष्कर्ष मग स्वाभाविक वाटतो. वस्तुतः गोळ्या घेताना येणारा रक्तस्राव पाकिटाच्या वेळापत्रकाने येतो, शरीराच्या नव्हे. पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, थायरॉइडचे विकार, वजनातील मोठे चढउतार यांमुळे होणारी अनियमितता गोळ्यांच्या काळात झाकली जाते आणि त्या बंद होताच समोर येते.

कित्येक मुलींना गोळ्या सुरू झालेल्या असतात त्या मुळात पाळी अनियमित होती म्हणून, अतिरक्तस्रावासाठी किंवा एंडोमेट्रिओसिसच्या वेदनांसाठी. अशा वेळी गोळी आजार दाबून ठेवते, बरा करीत नाही. म्हणून गोळ्या कशासाठी सुरू झाल्या होत्या, हे स्वतःला आणि डॉक्टरांना ठाऊक असणे महत्त्वाचे. विवाहापूर्वी घेतलेल्या गोळ्यांविषयी सासरी मौन पाळले जाते. निदान डॉक्टरांसमोर तरी ते सोडावे.

दुसरी बाब वयाची. गोळ्यांमुळे स्त्रीबीजे खर्च होत नाहीत, तशी ती साठूनही राहत नाहीत. गोळ्या घेतल्या वा न घेतल्या, स्त्रीबीजांची संख्या वयानुसार घटतच जाते आणि पस्तिशीनंतर ही घट वेग घेते. २७ व्या वर्षी गोळ्या सुरू करून ३५ व्या वर्षी थांबविणाऱ्या स्त्रीला विलंब झाला, तर त्याला कारण आठ वर्षांच्या गोळ्या नसून वाढलेले वय असण्याचा संभव अधिक. शहरांतील अनेक केंद्रांत स्त्रीबीजांचा साठा अजमावण्यासाठी एएमएच ही रक्ततपासणी सुचविली जाते. गोळ्या चालू असताना तिचा आकडा तात्पुरता कमी दिसू शकतो. तो पाहून घाबरून निर्णय घेऊ नये. गोळ्या थांबविल्यावर काही महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करता येते.

थांबविण्यापूर्वी काय करावे?

सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय म्हणजे फॉलिक आम्लाची गोळी. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस राहिल्याची शंकाही आलेली नसते. म्हणूनच गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, अशी शिफारस आहे. केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातही गर्भधारणापूर्व काळासाठी ती करण्यात आली आहे. याआधी असे व्यंग असलेले बाळ झाले असेल, मधुमेह असेल किंवा अपस्माराची औषधे चालू असतील, तर मात्रा बरीच जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी. गर्भनिरोधक गोळीचे शेवटचे पाकीट फोडताना फॉलिक आम्ल सुरू केले, तर वेळ अचूक साधते.

त्याच सुमारास एकदा डॉक्टरांची भेट घ्यावी. पाचव्या सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. तो गर्भारपणात नव्हे, त्याआधी भरून काढणे सोपे असते. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब यांची तपासणी पुरेशी माहिती देते. पूर्व विदर्भ किंवा नंदुरबारसारख्या सिकलसेलचे प्रमाण अधिक असलेल्या भागांत, तसेच कुटुंबात थॅलेसेमियाचा इतिहास असल्यास, पती-पत्नी दोघांचीही तपासणी गर्भधारणेपूर्वी व्हावी. देशपातळीवरील सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले असून त्याअंतर्गत ही तपासणी केली जाते.

चालू असलेली औषधे दाखविणे तितकेच आवश्यक. मुरुमांवरील आयसोट्रेटिनोइन, अपस्मारावरील व्हॅल्प्रोएट, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन आणि रक्तदाबावरील काही औषधे गर्भाला घातक ठरू शकतात. ती स्वतःहून तोडू नयेत. पर्याय डॉक्टर देतात. आयसोट्रेटिनोइन थांबविल्यावर, तसेच रुबेलाची लस घेतल्यावर किमान एक महिना दिवस राहू देऊ नयेत. म्हणजे प्रतीक्षा करावी लागते ती या कारणांसाठी, गर्भनिरोधक गोळीसाठी नाही. या प्रतीक्षेच्या काळात एक तर गोळ्या चालू ठेवाव्यात, नाही तर निरोध वापरावा. ‘गोळ्यांचा असर अजून असेलच’ या समजुतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल, तर आधीच्या प्रसूतीपासून पुढील गर्भधारणेच्या प्रयत्नापर्यंत किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आईच्या शरीराची झीज भरून यावी, हा त्यामागचा हेतू.

किती काळ वाट पाहावी?

शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, तर स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकते. त्यामुळे दिवस मोजून ताण घेण्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणे पुरेसे ठरते, असे तज्ज्ञ सांगतात.

गोळ्या थांबवून तीन महिने झाले तरी पाळी आली नाही, तर प्रथम गर्भचाचणी करावी. ‘निश्चय’ ही चाचणी पट्टी आशा सेविकांकडे व शासकीय केंद्रांत मोफत मिळते. चाचणीत दिवस राहिलेले नाहीत असे दिसले, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. पाळी नियमित असूनही दिवस राहत नसतील, तर वयाच्या पस्तिशीच्या आत एक वर्ष आणि त्यानंतर सहा महिने प्रयत्न करून सल्ला घ्यावा, हा सर्वमान्य निकष आहे. पाळी पूर्वीपासून अनियमित असेल, क्षयरोग किंवा ओटीपोटाचा संसर्ग होऊन गेला असेल, तर एवढेही थांबू नये.

तपासणीची सुरुवात मात्र दोघांची व्हावी. वंध्यत्वाच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा जोडीचे कारण असते. वीर्यतपासणी ही सोपी, स्वस्त आणि वेदनारहित तपासणी आहे. तरीही पत्नीच्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या, प्रसंगी दुर्बिणीची शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर पतीच्या तपासणीचा विषय निघतो, हे चित्र अद्याप बदललेले नाही. गोळ्यांवर दोष ढकलला, की ही तपासणी आणखी लांबते आणि त्यात गेलेले वर्ष वय वाढलेल्या जोडप्याला परत मिळत नाही.

र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांना समाजाच्या रोषाला तोंड द्यावे लागले. शंभर वर्षांनंतर साधने गावोगावच्या उपकेंद्रांत पोहोचली आहेत. त्यांच्याविषयीची माहिती मात्र अजूनही बहुधा शेजारणीकडून किंवा समाजमाध्यमांतून येते. गोळीचे पाकीट हाती देताना ‘ही थांबविल्यावर काय होईल’ हे दोन वाक्यांत सांगितले गेले, तर पुढची कित्येक महिन्यांची धास्ती टळू शकते. ते सांगितले गेले नसेल, तर पाकीट घेताना आपणच विचारावे आणि शक्य असल्यास पतीलाही सोबत न्यावे.